डब्यांवरच्या टिकल्या

कुणाला काही द्यायचं असलं की आधी त्यावरची किंमत काढायची, ही आमच्या घरची पद्धत. माझी आई साडीच्या घडीतली चिठ्ठी काढायची, स्टीलच्या डब्याच्या बुडाला चिकटवलेला कागद नखाने खरवडायची, आणि मागे राहिलेला चिकटा खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसून टाकायची. किंमत दिसली तर देण्याची शोभा गेली, असं तिचं म्हणणं. दिल्लीत येऊन मला सव्वीस वर्षं झाली. इथे किंमत नीट दिसावी अशा बेताने वस्तू देणारी माणसंही मी पाहिली. तरी माझा हात आपोआप स्टिकरकडे जातो.

दिवाळीच्या आधीच्या एका बुधवारी मयूर विहारमधल्या आमच्या हॉलमध्ये लाल चकचकीत कागदात बांधलेले बत्तीस डबे रचून ठेवलेले होते. सगळे एका मापाचे. प्रत्येकाच्या बुडाला टिकलीएवढा गोल कागद, कुठे सोनेरी, कुठे निळा, कुठे पांढरा, आणि त्यावर बॉलपेनने काहीतरी खरडलेलं. दुकानदाराची किमतीची खूण, दुसरं काय. बायको आतल्या खोलीत दुसऱ्या दिवशीचे कागद वाचत बसली होती. मी वाटीत तेल घेतलं, कापूस घेतला आणि बातम्या ऐकत ऐकत जेवणाच्या आधी बत्तीसच्या बत्तीस टिकल्या काढून टाकल्या. कागदावर एक डाग पडू दिला नाही. टिकल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून कचऱ्यात टाकल्या, हात धुतले आणि स्वतःवर खूश होऊन पानावर बसलो.

डबे आमचे नव्हते. बायकोच्या साहेबांचे होते. बायको त्यांच्याकडे इंटर्न होती. वय वर्षं सत्तेचाळीस.

हे जरा सांगायला हवं. मुलगी शिकायला बंगळूरला गेली आणि बायकोने संध्याकाळच्या वर्गात कायद्याला नाव घातलं. मी तेव्हा हसलो होतो. मी स्वतः आजवर दोनदा जिम आणि एकदा जर्मन सुरू करून सोडलेलं असल्यामुळे, लोक गोष्टी सोडतात याबद्दल माझी खात्री पक्की होती. तिने सोडलं नाही. ऑफिसातून मी घरी यायचो तेव्हा ती बाहेर पडत असायची. ओट्यावर झाकलेली भाजी आणि फ्रिजवर पोळ्या गरम करण्याच्या सूचना. बघता बघता शेवटचं वर्ष आलं. शेवटच्या वर्षाला नियम असा की एखाद्या वकिलाच्या हाताखाली ठराविक दिवस काम करायचं, रोज काय केलं ते एका डायरीत लिहायचं आणि प्रत्येक दिवसापुढे वकिलाची सही घ्यायची. दिवस भरले नाहीत तर परीक्षेला बसता येत नाही. सगळी तीन वर्षं त्या डायरीवर टांगलेली.

साहेबांचं ऑफिस दक्षिण दिल्लीतल्या एका कोठीच्या, म्हणजे त्यांच्या बंगल्याच्या, तळघरात होतं. पहिल्या दिवशी बायको पांढरा सदरा आणि काळी पँट घालून निघाली तेव्हा मी तिला मेट्रो स्टेशनपर्यंत सोडायला गेलो होतो. परत येताना उगाच छाती फुगल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी विचारलं, काय केलंस. म्हणाली, पानांवर नंबर टाकले. नंबर टाकायचं एक लोखंडी यंत्र असतं, ते पानावर आपटलं की आकडा उमटतो आणि आपोआप पुढे सरकतो. तिने दिवसभरात ते सहाशे वेळा आपटलं होतं. दुसऱ्या दिवशी झेरॉक्स. तिसऱ्या दिवशी साहेबांचा चष्मा दुरुस्तीला. मग साहेबांच्या सासूबाईंचे रक्ताचे रिपोर्ट. मग साहेबांच्या मुलीच्या शाळेचा ज्वालामुखी, म्हणजे पुठ्ठ्याचा, एका दुकानातून रंगवून आणायचा. तो तिने मांडीवर धरून रिक्षातून आणला आणि वाटेत त्याचा शेंडा वाकला म्हणून ऐकूनही घेतलं.

मला सगळ्यात राग यायचा तो तिथल्या पोरांचा. पोरं म्हणजे साहेबांचे तीन ज्युनियर वकील, आमच्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. ते तिला ‘मॅम’ म्हणायचे. अगदी अदबीने म्हणायचे. ‘मॅम, बुरा मत मानिएगा, चाय बोल देंगी?’ ‘मॅम, आप खड़ी ही हैं तो ये स्टेपल कर दीजिए.’ नुसतं ‘ए’ म्हणून काम सांगितलं असतं तर निदान भांडता आलं असतं. मॅम म्हणून चहा सांगणाऱ्याशी भांडायचं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

मी मुळात रागीट माणूस नाही. रागवायला लागतो तो आवाज माझ्याकडे नाही. तो वर चढला की फाटतो आणि मुलगी हसायला लागते. पण त्या चार आठवड्यांत मी रोज जेवताना रागवत होतो. हा कायदा शिकवतोय की घरगडी ठेवलाय, असं मी विचारायचो. तुझ्या वयाला तरी मान. बायको शांतपणे वरणात लिंबू पिळायची आणि डायरी उघडायची. ज्वालामुखीच्या दिवशी काय लिहिलंस, मी एकदा मुद्दाम विचारलं. तिने वाचून दाखवलं: ‘वेळेच्या मर्यादेत नाजूक साहित्याची सुरक्षित वाहतूक.’ साहेबांनी सही केली होती.

पण तिच्याजवळ एक खरं काम होतं, आणि त्यासाठी ती हे सगळं गिळत होती. पूर्व दिल्लीतल्या एका सोसायटीत राहणाऱ्या एक आजी साहेबांकडे आल्या होत्या. नवरा वारला, फ्लॅट त्याच्या नावावर. सोसायटीवाले तो आजींच्या नावावर करेनात. वर, तुम्ही कधी अर्जच केला नाही, आता जागा खाली करा, अशी नोटीस. आजींनी बाजाराच्या दोन पिशव्या भरून कागद आणले होते. वीजबिलं, पत्रं, लग्नाच्या पत्रिका, सगळं एकत्र. ज्युनियर पोरांपैकी कुणी त्या पिशव्यांना हात लावेना. त्या बायकोकडे आल्या. तिने तीन आठवडे, चहा आणि स्टेपलमधून वेळ काढून, एकेक कागद सरळ केला, तारखेप्रमाणे लावला, आणि कधी काय झालं याची यादी बनवली. साहेबांनी ती वाचली आणि म्हणाले की सुनावणीला तुम्ही आमच्यामागे उभ्या राहा, हे कागद तुम्हालाच माहीत आहेत. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा चप्पल काढायच्या आधी तिने मला हे सांगितलं.

सुनावणी गुरुवारी होती.

बुधवारी दुपारी साहेबांच्या मुन्शीजींनी, म्हणजे वकिलाच्या ऑफिसातल्या कारकुनांनी, तिच्यासमोर बत्तीस डबे आणि एक यादी ठेवली. दिल्लीत दिवाळीच्या आधीचा आठवडा हा डब्यांचा आठवडा असतो. प्रत्येक ऑफिस प्रत्येक ऑफिसला डबा पाठवतं, आणि अर्धं शहर दुसऱ्या अर्ध्या शहराचा डबा मांडीवर घेऊन सिग्नलला उभं असतं. ऑफिसातला शिपाई गावी गेला होता. तर मॅम, कल ये बाँट दीजिएगा, मुन्शीजी म्हणाले. उद्या सुनावणी आहे, ती म्हणाली. मुन्शीजींनी वर जाऊन साहेबांना विचारलं आणि खाली येऊन सांगितलं की कोर्टात उभं राहायला लोक पुष्कळ आहेत, डबे वाटायला कुणी नाही.

ती टॅक्सीत डबे घालून घरी आली. रडली वगैरे नाही. डबे मोजून भिंतीला लावून ठेवले आणि पाणी प्यायली. मी मात्र तासभर बोललो. काय काय बोललो ते आता आठवत नाही, पण शेवटी माझ्या तोंडून एक शहाणपणाची गोष्ट निघाली. डबे उद्या वाटले गेले पाहिजेत, एवढंच ना? कुणी वाटले हे कोण बघतंय? मी सुट्टी टाकतो, गाडी आपली आहे, मी वाटतो. तू कोर्टात जा.

तिने यादी लगेच माझ्या हातात दिली नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात मी एकट्याने वाटलेली एकमेव वस्तू म्हणजे मुलीच्या बारशाचे पेढे, आणि त्यातही वरच्या मजल्यावरचं एक घर राहिलं होतं.

“यादी आहे, डबे आहेत,” ती म्हणाली. “यादीतल्या खुणेप्रमाणे द्यायचे. स्वतःचं डोकं चालवायचं नाही.”

मी नाही चालवलं. फक्त टिकल्या काढल्या.

गुरुवारी ती सकाळीच मेट्रोने कोर्टात गेली. मी बत्तीस डबे गाडीत भरले. यादीत प्रत्येक नावापुढे ए, बी किंवा सी असं अक्षर होतं. हीच ती खूण. मी अर्थ लावला की ए म्हणजे आधी, बी म्हणजे नंतर आणि सी म्हणजे वेळ मिळाल्यास. मॅनेजर म्हणून माझी इतकी वर्षं असेच अर्थ लावण्यात गेली आहेत.

पहिला ए गुरुग्रामला, एका काचेच्या टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर. साहेबांचं मोठं अशील, कंपनीचे डायरेक्टर. मी रोज ज्या रस्त्याने ऑफिसला जातो त्याच रस्त्याने गेलो, तशाच टॉवरपाशी तशीच गाडी लावली, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र नाही, हातात डबा. दारावरच्या गार्डने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, डिलिव्हरी पीछे से. मी सांगितलं की मी डिलिव्हरीवाला नाही. तो म्हणाला, तो डिब्बा किसका है? मी म्हटलं, वकीलसाहेबांचा. तो म्हणाला, फिर?

मी डबा दुसऱ्या हातात घेतला. आणि मनात संताप उसळत असताना मधेच असंही आठवलं की आमच्या ऑफिसात डिलिव्हरीवाल्यांनी समोरच्या दाराने येऊ नये असं जे परिपत्रक निघालं, त्यावर सही माझी आहे. त्यात एक वाक्य माझं स्वतःचं होतं, ‘दर्शनी भागाची शोभा राखावी’. मी मागे गेलो. तळघरात सामानाच्या लिफ्टसाठी रांग होती, सगळ्यांच्या हातात डबे. माझा फोटो काढला. माझ्या छातीवर एक स्टिकर चिकटवला, व्हेंडर म्हणून. लिफ्टमध्ये पाण्याच्या जारच्या मधे उभं राहून अठरा मजले चढलो. वर काउंटरवरच्या मुलीने वर न बघता वही सरकवली, भैया साइन कर दो. मी सही केली, पूर्ण नाव, ऑफिसात करतो तशी लफ्फेदार. तिने डबा घेऊन खाली जमिनीवर ठेवला, तिथल्या साठ-सत्तर डब्यांच्या शेजारी. पाणी विचारलं नाही. बसा म्हणाली नाही. छातीवरचा स्टिकर मी खाली आल्यावर काढायला गेलो तर शर्टाचा एक धागा घेऊन आला.

तीन तासांत असे सहा टॉवर झाले. एका ठिकाणी मला सांगितलं, अभी लंच है, बाहर रुको. मी बाहेर थांबलो. उन्हात, एका कुंडीच्या कडेला बसून. माझ्या वयाचा एक माणूस शेजारी हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता, त्याच्याशी बोललो. तो सकाळपासून एकोणीस ठिकाणी गेला होता. त्याला राग आलेला दिसला नाही. मला त्याचाही राग आला, की याला राग कसा येत नाही. मग वाटलं, चार आठवडे बायको अशीच घरी येत होती आणि वरणात लिंबू पिळत होती. मी तिच्या वतीने रागवत होतो ते फुकटचं होतं, जेवणाच्या ताटावर बसून केलेलं. हे मला आवडलं नाही आणि मी उठून फेऱ्या मारायला लागलो.

परतीच्या वाटेवर मुनिरका होतं. यादीतला सी, साहेबांकडचे टायपिस्ट. वीस वर्षं ते साहेबांचं सगळं टाइप करतात, साठी जवळ आलेली. डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून त्या आठवड्यात घरी होते. सी म्हणजे वेळ मिळाल्यास, पण घर वाटेवर होतं म्हणून थांबलो. गल्लीत गाडी जाईना, बाहेर ठेवून चालत गेलो. विद्यार्थ्यांच्या खोल्यांच्या चार मजली गर्दीत वर त्यांची दोन खोल्यांची जागा. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. मी डबा पुढे केला आणि सवयीने सही करायला खिशातून पेन काढलं.

बाई म्हणाल्या, “पहले बैठिए तो, भाईसाहब. धूप में आए हैं.”

दिवसात पहिल्यांदा कुणी मला बसा म्हटलं. मी इतका पटकन बसलो की खुर्ची करकरली. पाणी आलं, चहा आला, नमकपारे, म्हणजे खारे शंकरपाळे आले. टायपिस्टबाबू काळा चष्मा लावून समोर बसले आणि बायकोची चौकशी करायला लागले. आजींच्या कागदांची यादी त्यांनीच टाइप केली होती. वीस वर्षांत इतकी नेटकी यादी हाताखालून गेली नाही, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी गाडीकडे आलो तेव्हा जरा तरंगतच होतो.

दोन वाजता बायकोचा फोन आला. मी म्हटलं, काय झालं सुनावणीचं? ती म्हणाली, ते नंतर.

“डायरेक्टरसाहेबांना कुठल्या टिकलीचा डबा दिलात?”

“टिकल्या मी काढल्या,” मी म्हणालो. “कालच. किंमत होती ना.”

पलीकडे कोर्टाच्या व्हरांड्याचा गलका ऐकू येत होता. तिने एवढंच विचारलं की सगळ्या? मी म्हटलं, सगळ्या. अभिमानाने नाही म्हटलं, पण सुरुवात तशीच झाली होती.

मग मला कळलं. सोनेरी म्हणजे ए, चांदीची वाटी. निळा म्हणजे बी, सुका मेवा. पांढरा म्हणजे सी, सोनपापडी. बाहेरून सगळे सारखे, कारण कुणाला काय मिळालं हे कुणाला कळू नये. डायरेक्टरसाहेबांच्या सेक्रेटरीने मुन्शीजींना फोन करून गोड आवाजात विचारलं होतं, इस बार सोनपापडी? आणि त्याच सुमारास टायपिस्टबाबूंनी साहेबांना फोटो पाठवला होता: लक्ष्मीच्या तसबिरीपुढे ठेवलेली चांदीची वाटी, खाली हात जोडल्याचं चिन्ह. वीस वर्षांत पहिल्यांदा साहेबांनी आठवण ठेवली, असा मजकूर.

साहेबांचा निरोप असा होता की मी मुनिरकाला परत जावं, ती वाटी मागून घ्यावी आणि गुरुग्रामला पोचवावी. मी म्हटलं, दुसरी विकत आणतो, माझी चूक आहे. तर वाट्यांवर साहेबांचं नाव कोरलेलं, मोजून बनवलेल्या, दुसरी नाही. गाडीतले डबे उघडून शोधतो म्हटलं, तर कागद फाटलेला डबा कुणाला पाठवायचा नाही. आज वाटी पोचली नाही तर डायरीवरची सही मुन्शीजींकडून घ्या, असं साहेब तिला म्हणाले होते. मुन्शीजींची सही चालत नाही, हे त्यांना माहीत होतं.

आता मी खरोखर रागावलो. गाडीच्या काचा बंद करून रागावलो, कारण आवाज फाटणार होता. माणसांना टिकल्या लावतात. बरं लावतात तर लावतात, चुकून एकाच्या कपाळी सोनेरी लागली तर ती नखाने काढून आणा म्हणतात. आणि ती काढायला पाठवतात कुणाला, तर ज्याने कालच बत्तीस काढल्या त्याला.

पण बायकोची तीन वर्षं होती. गेलो. तीच गल्ली, तोच जिना. बाईंनी दार उघडलं आणि आनंदाने म्हणाल्या, अरे, आप फिर? आत तसबिरीपुढे वाटी होती. तिला कुंकू लागलं होतं, आत दोन बताशे. शेजारची एक बाई ती बघायला आलेली होती, आणि टायपिस्टबाबू तिला सांगत होते की साहेबांनी खास स्वतःच्या माणसाच्या हातून पाठवली. स्वतःचा माणूस म्हणजे मी.

मी येताना जिन्यात वाक्य तयार केलं होतं. ज़रा गलती हो गई थी. पाच शब्द. मी ते तोंडात घोळवत उभा राहिलो. मग म्हणालो की माझं पेन राहिलं वाटतं इथे. सगळ्यांनी पेन शोधलं. खुर्चीखाली, उशीखाली, शेजारीण वाकून पलंगाखाली. पेन माझ्या खिशात होतं. ते मी वाकण्याचं निमित्त करून जमिनीवर टाकलं आणि मग सापडलं म्हणून उचललं. पुन्हा चहा झाला. निघताना बाईंनी माझ्या हातात कागदात बांधून नमकपारे दिले, बहनजी के लिए.

उरलेले डबे मी यादीच्या क्रमाने वाटले. कुणाला काय गेलं ते देवाला माहीत, मला तेव्हाही नव्हतं.

संध्याकाळी घरी आलो तर बायको आधीच आलेली. सुनावणीचं तिने सांगितलं, तेही मी विचारल्यावर. साहेब दुसऱ्या कोर्टात अडकले, ज्युनियर पोरगा उभा राहिला. समोरचा वकील म्हणाला, या बाईंनी कधी अर्जच केला नाही. न्यायाधीशांनी विचारलं, केला असेल तर दाखवा. पोरगा पानं उलटायला लागला, त्याचे कान लाल झाले. तिने मागून हळूच पान सांगितलं, एकशे त्रेचाळीस. सोसायटीच्या शिक्क्याची पोच, नवरा गेल्यानंतर दोन महिन्यांतली. न्यायाधीशांनी ती पाहिली आणि पुढच्या तारखेपर्यंत आजींना जागेतून हलवायचं नाही असा हुकूम दिला. एकशे त्रेचाळीस हा आकडा तिने स्वतःच यंत्र आपटून उमटवला होता. बाहेर आल्यावर आजींनी तिचा हात धरला तो फोन वाजेपर्यंत सोडला नाही. फोन साहेबांचा होता, वाटीचा.

मग तिने विचारलं, वाटी? मी खिशातून नमकपाऱ्यांची पुडी काढून टेबलावर ठेवली आणि पेनाची हकीकत सांगितली. तिने सगळी ऐकली. पुडी उघडली, एक खाल्ला, आणि उद्या मी बघते म्हणाली.

शुक्रवारी तिने साहेबांना सांगितलं की वाटी परत येणार नाही, देवापुढे ठेवलेली आहे, चूक आमच्या घरातून झाली. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी डायरी मागवली. आधीच्या सगळ्या दिवसांवर सह्या होत्याच. गुरुवारच्या ओळीपुढे त्यांनी लिहिलं: गैरहजर. तुम्हाला डब्यांचं काम दिलं होतं, तुम्ही त्या कामावर नव्हतात, म्हणजे हजर नव्हतात. युक्तिवाद म्हणून त्यात खोट काढता येत नव्हती, असं ती मला म्हणाली, आणि समोर अंगण नसूनही मला थुंकावंसं वाटलं.

गैरहजर. ज्या दिवशी न्यायाधीशांसमोर तिच्या तोंडचा आकडा चालला, त्या दिवशी गैरहजर. रक्ताचे रिपोर्ट आणले तेव्हा हजर, पुठ्ठ्याचा ज्वालामुखी आणला तेव्हा हजर. मी हॉलमध्ये येरझाऱ्या घालत बोलत होतो. मी कॉलेजला पत्र लिहिणार होतो, वकिलांच्या मंडळाला लिहिणार होतो, एक दिवस कमी पडला म्हणून परीक्षा जाते की काय बघतोच म्हणत होतो. माझा आवाज फाटला. मुलगी तिथे नसल्यामुळे कुणी हसलं नाही. बायको खुर्चीत बसून डायरीच्या पुढच्या कोऱ्या पानावर पट्टीने रेघा मारत होती. माझं संपायची तिने वाट पाहिली.

“कमी पडलेला दिवस मी भरून देते म्हटलं, आणि दिवस मी सांगीन म्हटलं,” ती म्हणाली. “आजींची पुढची तारीख मागितली. ते कागद दुसऱ्या कुणाला ठाऊक नाहीत, त्यांना द्यावीच लागली. त्या दिवशी तुम्ही तेवढे ऑफिसला जा.”